स्टार असताना कोच लागतो कशाला? जॉर्डन, कोबी, करीच्या ट्रॉफ्यांमागचं कोचिंग

प्रश्न असा आहे: मायकेल जॉर्डनसारखा खेळाडू टीममध्ये असला की कोचला करण्यासारखं उरतं तरी काय, चॅम्पियनशिप तो असाही आणणारच ना? आणि त्याला जोडूनच दुसरा, त्याचा कोच फिल जॅक्सन नसता तर जॉर्डनला सहा ट्रॉफ्या मिळाल्या असत्या का? मी शाळेच्या आणि क्लबच्या पोरापोरींना बास्केटबॉल शिकवतो, बरीच वर्षं झाली. आता एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, कुठे आणि आमचं सिमेंटचं कोर्ट कुठे, पण कोचिंगमधली डोकेदुखी दोन्हीकडे तीच असते, म्हणून जरा बैजवार लिहितो.

आधी उत्तर सांगून टाकतो. स्टार नसेल तर कोच कितीही हुशार असो, ट्रॉफी विसरा. एका टीमचे कोर्टवर पाचच जण असतात, त्यातला सगळ्यात भारी माणूस ४८ पैकी ४० मिनिटं खेळतो, दोन्ही बाजूंनी खेळतो, त्यामुळे एका माणसाचा एवढा फरक फुटबॉलमध्येही पडत नसेल. सुपरस्टार नसताना जिंकलेली टीम शोधायला बसलात तर २००४ची लॅरी ब्राऊनची डेट्रॉईट पिस्टन्स सापडेल, त्यांनी फायनलमध्ये शॅक (शकील ओ'नील), कोबी आणि खुद्द फिल जॅक्सनच्या लेकर्सना ४-१ ने झोपवलं, आणि त्यानंतर शोधताना बराच वेळ जाईल. म्हणजे स्टार पहिला, याच्यात वादच नाही.

पण स्टार सगळ्यांकडे असतो हो. फायनलच काय, सेमीफायनलला पोचलेल्या चारही टीमकडे असतो. जॉर्डन १९८४ला लीगमध्ये आला आणि पहिली ट्रॉफी १९९१ला मिळाली, मधल्या वर्षांत तो काय कमी भारी होता? तेव्हा त्या सात वर्षांत काय कमी होतं आणि नंतर काय आलं, हे बघितलं की कोचचा वाटा कुठे असतो ते कळतं. माझ्या मते तो बोर्डावर मार्करने गोल-बाण काढण्यात फार कमी असतो. सगळ्यात भारी पोराच्या हातातून बॉल सोडवून घ्यायचा, तोही त्याला न दुखावता, हे कोचचं खरं काम, आणि ते करू शकणारे कोच जगात मोजकेच.

एक गैरसमज आधी दूर करतो कारण आपल्या सगळ्यांची डोकी क्रिकेटवर पोसलेली आहेत. क्रिकेटमध्ये मैदानात कॅप्टन राजा, बोलिंग तो बदलतो, फील्ड तो लावतो, कोच ड्रेसिंग रूमच्या बाल्कनीत गॉगल लावून बसलेला. बास्केटबॉलमध्ये कॅप्टनला जवळपास काहीच अधिकार नसतो. कोच लाइनीला उभा असतो, कोण आत कोण बाहेर तोच ठरवतो, सब करायला लिमिट नाही, टाइमआऊट तो घेतो, कुणी कुणाला धरायचं, प्रत्येकाने आपली जागा राखायची (झोन) की आपला माणूस धरायचा (मॅन-टू-मॅन), सगळं त्याच्याकडून येतं, आणि हे एका मॅचमध्ये शंभरेक पझेशनभर (बॉल ताब्यात असण्याच्या पाळ्या) चालू असतं. त्यामुळे ‘कोच फक्त सराव घेतो’ हे इथे लागू पडत नाही.

आता जॉर्डन. शिकागो बुल्समध्ये पहिल्या तीन सीझनला तीन कोच, केविन लॉगरी, स्टॅन अल्बेक, डग कॉलिन्स. १९८६च्या प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीच्या सिरीज) बोस्टनच्या कोर्टवर जाऊन पठ्ठ्याने एका मॅचमध्ये ६३ पॉईंट मारले, प्लेऑफचा तो रेकॉर्ड अजून कुणी मोडलेला नाही. मॅच कोण जिंकलं? बोस्टन, दोन ओव्हरटाइमनंतर १३५-१३१. सिरीज ३-० ने गेली. पुढच्या सीझनला पूर्ण वर्षभर मॅचला ३७.१ चं ॲव्हरेज, आणि प्लेऑफमध्ये पुन्हा बोस्टन, पुन्हा ३-०. त्या वेळचे व्हिडिओ मिळाले तर जॉर्डनकडे बघू नका, बाकीच्या चौघांकडे बघा. चौघेही बघे झालेले असतात. पाय थांबलेले, हात खाली, आपल्याकडे बॉल येणार नाही हे माहीत असलेल्या माणसाचं अंग कसं सैल पडतं तसं.

कॉलिन्स वाईट कोच नव्हता हं, उगाच त्याला व्हिलन करतात. पोरं तरुण होती, स्कॉटी पिपेन आणि होरेस ग्रँट १९८७ला आलेले, आणि त्यांना घेऊन त्याने १९८९ला कॉन्फरन्स फायनल, म्हणजे फायनलच्या आधीची सिरीज, गाठली. पण त्याचं प्रत्येक अडचणीवरचं औषध एकच, बॉल मायकेलला द्या. १९८९च्या सीझनच्या शेवटी तर जॉर्डनला पॉइंट गार्डच, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ चालवणाराच, करून टाकलं, आणि त्याने ११ मॅचमध्ये १० ट्रिपल-डबल (पॉईंट, रिबाउंड म्हणजे चुकलेल्या शॉटचे बॉल, आणि असिस्ट म्हणजे शॉटचे पास, तिन्ही दोन आकडी) मारले. आकडे डोळे दिपवणारे. आणि मे महिन्यात डेट्रॉईट समोर आलं की सगळं ठप्प.

कारण डेट्रॉईटचा कोच चक डेली याला हेच पाहिजे होतं. बॉल कुठे असणार हे आधीच माहीत असेल तर डिफेन्स लावणं किती सोपं होतं विचारा. त्यांनी जॉर्डनसाठी वेगळे नियमच केले होते, जो डुमार्स अंगाला चिकटून, जॉर्डनने बॉल घेतला की दुसरा माणूस धावत यायचा, आणि तरीही आत घुसलाच तर त्याला जमिनीवर आडवा करायचा. १९८८, १९८९, १९९०, लागोपाठ तीन वर्षं बुल्स त्यांच्याकडूनच हरले. हेही कोचिंगच आहे बरं का. कोचने स्टारला काय दिलं यावर सगळे बोलतात, समोरच्या कोचने स्टारला थांबवलं हे विसरतात.

१९८९च्या उन्हाळ्यात कॉलिन्सला काढलं आणि त्याचा असिस्टंट फिल जॅक्सन हेड कोच झाला. स्टाफमध्ये टेक्स विंटर नावाचे एक आजोबा होते, वय ६७, त्यांची ट्रँगल नावाची एक पद्धत, ती जनरल मॅनेजर जेरी क्राऊसला फार आवडायची पण आधीच्या कोचनी ती कपाटातच ठेवलेली. जॅक्सनने ती बाहेर काढली.

ट्रँगल म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण यावर नुसती नावं फेकली जातात. एका बाजूला तीन जण, एक बास्केटजवळ पोस्टवर, एक कोपऱ्यात, एक विंगला, म्हणजे साइडलाइनकडे. हा झाला त्रिकोण. उरलेले दोघे पलीकडच्या बाजूला. प्रत्येकामध्ये पंधरा-अठरा फुटांचं अंतर, म्हणजे एक डिफेंडर दोघांना धरू शकणार नाही एवढं. ठरलेला प्ले नाही. बॉल पोस्टला टाकला की टाकणारा कट मारणार, डिफेंडरने तो पास अडवला तर बॉल वर जाणार आणि पलीकडे दोघांचा खेळ सुरू होणार, डिफेन्स जिकडे झुकला त्याच्या उलट. म्हणजे पाचही जणांनी डिफेन्स वाचायचा आणि पाचही जणांच्या हाताला बॉल लागणार. जॉर्डनचा फायदा काय? त्याला बॉल मिळायचा तो तीन पास होऊन, डिफेन्स आधीच हललेला असताना, बास्केटपासून पंधरा फुटांवर. तिथून त्याला दोन ड्रिबलच पुरे. आणि डबल-टीमला (एकाला दोघांनी धरायला) दुसरा माणूस यायचा तो लांबून, तेवढ्यात बॉल मोकळ्या माणसाकडे गेलेला.

कागदावर गोड वाटतं. आता हे ३५ पॉईंट मारणाऱ्या माणसाला सांगायचं. जॅक्सनने त्याला आधी एकट्याला बोलावून सांगितलं होतं की स्कोअरिंग टायटल (लीगमध्ये सगळ्यात जास्त ॲव्हरेजचा मान) कदाचित जाईल, असं तो स्वतः नंतर सांगत आलाय. टीम मीटिंगमध्ये नाही, पेपरातून नाही, आधी एकट्याला. माझ्या दृष्टीने अख्ख्या ट्रँगलपेक्षा ही एक गोष्ट मोठी.

कारण हे मी रोज बघतो. आमच्याकडे सोळा वर्षांखालच्या टीममध्ये एखादा पोरगा असतोच, इतरांपेक्षा वीतभर उंच, हाताला चांगला, शाळेच्या मॅचमध्ये एकटा वीस-पंचवीस मारणारा. पालक कठड्याजवळून ओरडत असतात, अरे त्याला दे ना, त्याला दे! मी एक साधा ड्रिल घेतो, पाच विरुद्ध पाच, ड्रिबल बंद. फक्त पास, पाय आणि शॉट. पहिली काही मिनिटं फार मजेशीर असतात. स्टार बॉल डोक्यावर धरून उभा, पिव्हट करतोय, चारही बाजूंना बघतोय, आणि बाकीचे चौघे जागच्या जागी, कारण बॉल त्याच्याकडे गेला की आपलं काम संपलं हे त्यांच्या अंगात मुरलंय. मग तो चिडतो, अरे हला ना! मी काहीच बोलत नाही. थोड्या वेळाने एखादा बारकासा गार्ड, ज्याला कधी कुणी पास देत नाही, तो डिफेंडरच्या पाठीमागून बेसलाइनने कट मारतो, स्टारला नाइलाजाने त्यालाच पास द्यावा लागतो, सोपा ले-अप. दुसऱ्यांदा तसाच. तिसऱ्यांदा डिफेंडर त्या बारक्याला धरायला मागे सरकतो आणि स्टारच्या समोर रस्ता मोकळा. ते त्याला दिसलं, की अर्धं काम झालं. मात्र हे पोराला स्वतःला दिसावं लागतं, कोचने कोर्टाबाहेरून शंभर वेळा ओरडून उपयोग नाही.

आणि तरीही पुढची मॅच टाईट झाली की तो पुन्हा डोकं खाली घालून एकटाच घुसतो. वर्ष लागतं. जॉर्डनलाही लागलं. १९९०ला जॅक्सन असूनही, ट्रँगल असूनही बुल्स डेट्रॉईटकडून सातव्या मॅचमध्ये ९३-७४ असे आपटले, पिपेनचं मायग्रेनने डोकं धरलेलं, त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं. त्या दिवशी कुणी म्हणालं असतं की कोच बदलून काय मिळालं, तर उत्तर देणं अवघडच होतं.

१९९१ला मिळालं. डेट्रॉईटला ४-० ने धुतलं, पूर्ण प्लेऑफमध्ये बुल्स फक्त दोन मॅच हरले. जॉर्डनचं ॲव्हरेज किती घसरलं? ३३.६ वरून ३१.५. एवढंच! स्कोअरिंग टायटलही त्याच्याकडेच राहिलं. मॅजिक जॉन्सनच्या लेकर्सविरुद्ध फायनलला पहिली मॅच घरच्या कोर्टवर गेली, मग दुसऱ्या मॅचपासून मॅजिकला धरायचं काम बरंचसं पिपेनकडे गेलं, सहा फूट आठ इंचांचा लांब हातांचा माणूस अंगावर आल्यावर मॅजिकला वरून पास टाकणं जड गेलं. पाचव्या मॅचला शेवटी शेवटी जॉर्डन पुन्हा एकटाच जोर लावत होता, तेव्हा टाइमआऊटमध्ये जॅक्सनने त्याला विचारलं, मायकेल, मोकळा कोण आहे? उत्तर नाही. पुन्हा तेच, मोकळा कोण आहे? पॅक्सन. मग दे त्याला. जॉन पॅक्सन, धावायला बेताचा, उडी बेताची, पण मोकळा शॉट सोडणार नाही असा माणूस. शेवटच्या काही मिनिटांत एकामागून एक शॉट पडले, मॅचमध्ये त्याचे २० झाले, बुल्स चॅम्पियन.

सहा वर्षांनी, १९९७ला, युटाविरुद्ध फायनलच्या सहाव्या मॅचमध्ये ८६-८६ असताना जॉर्डननेच टाइमआऊटमध्ये टीममधल्या स्टीव्ह कर याला सांगून ठेवलं की युटाचा स्टॉकटन माझ्याकडे धावून येईल, तयार राहा. आला, पास गेला, शॉट पडला. आता कोचला विचारावं लागलं नाही. कोचिंग मुरलं ते असं दिसतं.

इथवर वाचून वाटेल की मी कोचचीच आरती करतोय. तर आता दुसरी बाजू. १९९३ला जॉर्डन अचानक रिटायर झाला आणि मग बेसबॉल खेळायला गेला. बुल्स त्याच्याबरोबर आदल्या सीझनला ५७ जिंकले होते, त्याच्याशिवाय ५५ जिंकले. कोचप्रेमी लोकांचा हा आवडता आकडा, बघा, जॉर्डन गेला आणि फक्त दोन कमी! खरंय, सिस्टिमची ताकद त्यात दिसतेच, आणि पिपेनची त्याहून जास्त दिसते. पण प्लेऑफच्या दुसऱ्या राउंडला न्यूयॉर्कने सात मॅचमध्ये घरी पाठवलं. सीझनला सिस्टिम चालते, मे-जूनमध्ये सिस्टिम सगळ्यांना पाठ झालेली असते आणि कुणीतरी वाईट पझेशनमधून चांगला शॉट काढणारा लागतो. तो नव्हता.

आणि १९९५ बघा. मार्चमध्ये जॉर्डन परत आला, कोच जॅक्सनच, ट्रँगल तोच. ओरलँडोकडून हरले. जॉर्डनचा दम अजून बसला नव्हता हे एक, पण रिबाउंड घेणारा होरेस ग्रँट बुल्स सोडून गेला होता, आणि गेला होता कुठे तर ओरलँडोलाच. त्या उन्हाळ्यात डेनिस रॉडमन आला आणि पुढच्या सीझनला ७२-१०. म्हणजे स्टारही तोच, कोचही तोच, मधली एक पॉवर फॉरवर्डची जागा रिकामी होती तेव्हा दोघांचं मिळूनही भागलं नाही. मॅनेजमेंटने माणसं आणली नाहीत तर कोच काय कपाळ करणार.

कोबी ब्रायंटच्या बाबतीत तर हे अगदी लख्ख दिसतं. जॅक्सन १९९९ला लेकर्सकडे आला तेव्हा शॅक आणि कोबी दोघे आधीपासून तिथे होते, आणि आधीच्या प्लेऑफमध्ये सॅन अँटोनिओने त्यांना ४-० ने झाडलं होतं. जॅक्सन आला, ६७ मॅच जिंकल्या, ट्रॉफी, मग आणखी दोन. २००४ला तो गेला, शॅकही गेला. पुढच्या सीझनला लेकर्स प्लेऑफमध्येसुद्धा नाहीत, आणि लक्षात घ्या, त्या वर्षी सुरुवातीला कोच होता रूडी टॉमजॅनोविच, ह्यूस्टनला दोन चॅम्पियनशिप देणारा माणूस. २००५ला जॅक्सन परत आला. कोबीने त्या सीझनला टोरंटोविरुद्ध ८१ मारले, ॲव्हरेज ३५.४, आणि प्लेऑफला पहिल्याच राउंडमध्ये फिनिक्सविरुद्ध ३-१ ने पुढे असून हरले. पुढच्या वर्षी पुन्हा पहिला राउंड, पुन्हा फिनिक्स. जगातला सगळ्यात यशस्वी कोच, कोबी ऐन भरात, आणि काही नाही! २००८च्या फेब्रुवारीत पाऊ गसॉल आला, त्याच सीझनला फायनल, आणि मग २००९, २०१० दोन ट्रॉफ्या. गसॉल पास देणारा सेंटर, ट्रँगलला असाच माणूस पोस्टवर लागतो.

म्हणून ‘जॅक्सन ११ जिंकला, जॉर्डन त्याच्याशिवाय शून्य’ किंवा ‘जॅक्सनकडे कायम स्टार होते, त्यात काय एवढं’ या दोन्ही वाक्यांवर माझा विश्वास नाही. दुसऱ्या वाक्याला एवढंच सांगतो की स्टार बाकीच्या कोचकडेही होते, त्याच टीमचे, तेच स्टार.

बुल्सचा तोच स्टीव्ह कर पुढे कोच झाला, तो याचा नवा नमुना. गोल्डन स्टेटमध्ये स्टेफ करी, क्ले थॉम्पसन, ड्रेमंड ग्रीन हे तिघेही मार्क जॅक्सनच्या हाताखाली होते, ५१ मॅच जिंकलेली टीम, डिफेन्स उत्तम, आणि तो डिफेन्स मार्क जॅक्सननेच बसवला होता, त्याचं श्रेय काढून घेऊ नये. पण पासिंगमध्ये लीगच्या अगदी तळाला. स्टीव्ह कर २०१४ला आला, माणसं जवळपास तीच, त्याने करीच्या हातातून बॉल काढला आणि त्याला स्क्रीनमागून, म्हणजे वाट अडवून उभ्या साथीदारांच्या आडून, पळायला लावलं. आंद्रे इगुओडालासारख्या ऑलिम्पिक गोल्ड घेतलेल्या माणसाला बेंचवर बसवलं. ६७-१५ आणि चॅम्पियन. स्टीव्ह कर खेळाडू म्हणून फिल जॅक्सन आणि सॅन अँटोनिओचा कोच पॉपोविच दोघांच्याही हाताखाली जिंकलेला, ते दिसतंच.

त्याच फायनलमधली चौथी मॅच मी पोरांना नेहमी सांगतो. लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलँडने २-१ अशी आघाडी घेतली होती, मोठ्या अंगाची माणसं खेळवून खेळ संथ केला होता. टीमच्या स्टाफमध्ये निक युरेन नावाचा एक तरुण मुलगा, व्हिडिओ वगैरे बघणारा. त्याने आदल्या वर्षीची सॅन अँटोनिओ-मायामी फायनल काढून बघितली, त्यात पॉपोविचने तिसऱ्या मॅचपासून बोरिस डिआवला सुरुवातीला खेळवलं होतं आणि सिरीज फिरली होती. याच्या डोक्यात आलं, आपणही सेंटर अँड्र्यू बोगटला बसवून इगुओडालाला स्टार्ट करू. रात्री असिस्टंट ल्यूक वॉल्टनशी बोलला, मध्यरात्र उलटून गेल्यावर हेड कोचला मेसेज टाकला. इगुओडालाने त्या सीझनला एकही मॅच स्टार्ट केली नव्हती. स्टीव्ह करने ऐकलं, वर पत्रकारांना सरळ खोटं सांगितलं की लाइनअपमध्ये बदल नाही. मॅच सुरू झाली आणि ७-० ने मागे पडले! तिथे निम्मे कोच घाबरून सेंटरला आत आणतील, मीही कदाचित आणला असता. त्याने टाइमआऊट घेतला, लाइनअप तीच ठेवली, मॅच १०३-८२. पुढच्या दोन्ही जिंकल्या, आणि फायनल्सचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) कोण तर इगुओडाला.

आता याच गोष्टीतला ल्यूक वॉल्टन. पुढच्या सीझनला स्टीव्ह करच्या पाठीच्या दुखण्यामुळे वॉल्टनने टीम सांभाळली आणि ३९-४ असा रेकॉर्ड झाला, पहिल्या २४ तर सलग. सगळ्यांना वाटलं, काय कोच मिळालाय. मग तो लेकर्सला गेला, मग सॅक्रामेंटोला, २०१९ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियानाच्या मॅच झाल्या तेव्हा सॅक्रामेंटोच्या बेंचपुढे तोच उभा होता. दोन्हीकडे मिळून एकदाही प्लेऑफ नाही. करी असला की कोच किती हुशार दिसतो! तेव्हा कोचचा रेकॉर्ड बघताना कोर्टवर कोण होतं ते आधी बघायचं.

अजून एक गोष्ट लोक धरत नाहीत. कोचची सत्ता स्टारकडून उसनी घेतलेली असते. पॉल वेस्टहेड १९८०ला लेकर्सबरोबर चॅम्पियन झाला, १९८१च्या नोव्हेंबरमध्ये मॅजिक जॉन्सन म्हणाला मला ट्रेड करा, दुसऱ्या दिवशी वेस्टहेड घरी. पॅट रायली आला आणि त्याच सीझनला ट्रॉफी. क्लीव्हलँडने २०१६च्या जानेवारीत डेव्हिड ब्लॅटला काढलं तेव्हा रेकॉर्ड ३०-११ होता, इस्टमध्ये पहिला नंबर! ब्लॅट युरोपात सगळं जिंकून आलेला, एक्स-ओमध्ये, म्हणजे डावपेचांत, पक्का, पण लेब्रॉन त्याच्याकडे बघतच नव्हता, टाइमआऊटमध्ये बघणाऱ्यालाही ते कळायचं. टायरॉन लू आला. त्या वर्षीच्या फायनलच्या सातव्या मॅचच्या हाफ टाइमला त्याने लेब्रॉनला सगळ्यांसमोर झापलं, लेब्रॉन फुगला, आणि ऐकलंही. ब्लॅटला ते करता आलं नसतं, त्याला हक्कच मिळाला नव्हता.

सॅन अँटोनिओत त्यांचा स्टार टिम डंकनने ग्रेग पॉपोविचला तो हक्क पहिल्यापासून देऊन टाकला होता. पॉपोविच सगळ्यांदेखत डंकनवर ओरडायचा आणि डंकन ऐकून घ्यायचा. मग बेंचवरचा बारावा माणूस काय बोलणार? माझ्या टीममध्ये कॅप्टन वेळेवर आला नाही तर मी त्यालाच पहिला राउंड मारायला लावतो, बाकीच्यांना सांगावं लागत नाही. पण तो पोरगा मनाने तसा असावा लागतो, सगळेच डंकन नसतात, काहींना सगळ्यांदेखत बोललात की महिनाभर खेळ बिघडतो.

कधीकधी कोच आणि स्टार दोघांना मिळून आधी हरावं लागतं. २०११च्या फायनलला डॅलसच्या रिक कार्लाईलने मध्येमध्ये झोन लावून, बारीआसारख्या बुटक्या गार्डला स्टार्ट करून मायामीला, लेब्रॉन तेव्हा तिथे होता, गोंधळात टाकलं, लेब्रॉन एका मॅचमध्ये ८ पॉईंटवर अडकला. सगळे म्हणाले मायामीचा कोच एरिक स्पोल्स्ट्रा याला काढा. रायली तेव्हा तिथे प्रेसिडेंट, त्याने काढलं नाही. लेब्रॉन उन्हाळ्यात हकीम ओलाजुवॉनकडे जाऊन पोस्टचा खेळ शिकला, स्पोल्स्ट्राने पुढे क्रिस बॉशला सेंटरला सरकवून कोर्ट मोकळं केलं, २०१२ आणि २०१३ दोन्ही जिंकले. यातलं कोचचं किती, खेळाडूचं किती, हे वेगळं काढताच येत नाही, पोस्टचा खेळ शिकला तरी आतली जागा मोकळी नसती तर तो वापरणार कुठे?

टक्के मागाल तर मी देणार नाही, ते सगळं थापा मारणं असतं. क्रम लावून देतो: स्टार, मग दुसरा स्टार, मग कुणी जखमी न होणं, मग कोच. चौथ्या नंबरवर आहे म्हणून कमी समजू नका, पहिले तीन ज्यांच्याकडे सारखे असतात त्यांच्यातच फायनल होते.

आता तो दुसरा प्रश्न, फिल जॅक्सन नसता तर? मला वाटतं जॉर्डनला एक-दोन मिळाल्याच असत्या. डेट्रॉईटची म्हातारी होत चाललेली टीम १९९१ला तशीही उतरणीला लागली होती, पिपेन आणि ग्रँट तयार झाले होते, कोणताही बरा कोच तिथून एखादी काढतोच. पण सहा? नाही. विशेषतः शेवटच्या तीन. रॉडमनला सीझनच्या मध्यात सुट्टी देऊन लास वेगासला जाऊ देणारा, पिपेन पगारावरून मॅनेजमेंटवर पेटलेला असताना त्याला खेळाकडे वळवणारा आणि जॉर्डनच्या तोंडाच्या पट्ट्यातून स्टीव्ह करसारख्यांना सांभाळणारा दुसरा कुणी मला तरी दिसत नाही.

जॉर्डनचं स्वतःचं मत काय होतं ते त्याने वागूनच दाखवलं. क्राऊसने १९९७-९८च्या आधीच सांगून टाकलं होतं की ८२ पैकी ८२ जिंकलात तरी जॅक्सन या सीझननंतर नाही. जॉर्डन म्हणाला, मग मीही दुसऱ्या कोचसाठी खेळणार नाही. सहावी ट्रॉफी घेतली आणि १९९९च्या जानेवारीत रिटायर झाला. पिपेन, रॉडमन, स्टीव्ह कर सगळे पांगले, टिम फ्लॉइड नावाचा नवा कोच आला आणि लॉकआऊटमुळे (मालक-खेळाडूंच्या वादात लीग बंद) छोट्या झालेल्या त्या सीझनला बुल्सनी ५० पैकी १३ मॅच जिंकल्या. त्यावरून फ्लॉइडला कुणी शिव्या घालू नका, त्या टीमला टेक्स विंटर स्वतः शिकवायला थांबले होते, ट्रँगलही तीच होती.